कुलूप लावल्यावरही चालणारं मीटर : कामाच्या जागेची वीज वाचवण्याची क्रमवार पद्धत

आज काम आटोपल्यावर एक करा. सगळे गेले, दिवे मालवले, की कुलूप लावायच्या आधी विजेच्या मीटरचा फोटो काढा. उद्या सकाळी पहिल्या माणसाने पहिलं बटण दाबायच्या आत दुसरा फोटो काढा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे रिकाम्या जागेने रात्रभरात खाल्लेली वीज. तिला मधल्या तासांनी भागलं की रात्रीचा सरासरी भार किलोवॉटमध्ये कळतो.

हा आकडा पाहून बहुतेक मालक आधी मीटरवरच शंका घेतात. मीटर चुकलेलं क्वचितच असतं. रोज दहा तास आणि आठवड्याला सहा दिवस चालणारी जागा वर्षाच्या ८,७६० तासांपैकी साधारण ३,१२० तास उघडी असते. उरलेला जवळजवळ दोन-तृतीयांश वेळ तिथे कुणीही नसतं. त्या काळात फक्त १०० वॉट जरी अखंड चालू राहिले, तरी साडेपाचशेच्या वर युनिट कुणाच्याही उपयोगी न पडता जातात. आणि १०० वॉट म्हणजे फार काही नाही, विसरलेले दोन-तीन दिवे आणि एखादा पंखा एवढंच.

ऊर्जा तपासणीच्या कामात मी एकच क्रम पाळत आलो आहे : आधी बंद करा, मग कमी करा, मग बदला. लोक नेमकं उलट करतात. पहिल्याच दिवशी नवे एसी, नवे दिवे, छतावर सौर पॅनेल यांची दरपत्रकं मागवतात. जुनी सवय तशीच राहते आणि नवं यंत्रही रात्रभर चालू राहतं. म्हणून या लेखात खरेदीचा विषय शेवटी आहे.

मीटरशी ओळख करून घ्या

किलोवॉट आणि युनिट यांची गल्लत पहिल्यांदा सोडवू. किलोवॉट हा त्या क्षणीचा भार आहे, म्हणजे नळातून पाणी किती जोरात येतंय ते. युनिट म्हणजे किलोवॉट-तास, म्हणजे बादलीत किती पाणी जमलं ते. एक किलोवॉटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. बिल प्रामुख्याने युनिटचं येतं. मोठ्या जोडणीत मात्र महिन्यातल्या सर्वांत जास्त भाराचाही वेगळा आकार लागतो. हा भार सहसा १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीने मोजतात. त्यामुळे सकाळी सगळी यंत्रं एकदम सुरू केली, तर तेवढ्या अर्ध्या तासाची किंमत महिनाभर मोजावी लागू शकते. मोठी यंत्रं दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सुरू करणं हा यावरचा फुकटचा उपाय.

बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ ‘प्रति युनिट इतके इम्पल्स’ असा आकडा छापलेला असतो. या दिव्यावरून त्या क्षणीचा भार काढता येतो. लुकलुकण्याची संख्या गुणिले ३,६००, भागिले छापलेला आकडा, भागिले मोजलेले सेकंद. समजा मीटरवर ३,२०० लिहिलंय आणि ३० सेकंदांत दिवा १० वेळा लुकलुकला. भार आला ०.३७५ किलोवॉट. मोठ्या जोडणीत मीटरच्या आधी करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, बसवलेला असतो. तो मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून मीटरला देतो. तिथे आलेल्या आकड्याला बिलावर लिहिलेल्या गुणकाने गुणायचं विसरू नका. हा गुणक विसरल्यामुळे भार खूपच कमी समजून निवांत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

आता खरी शोधाशोध. काम बंद झाल्यावर इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या आणि पॅनेलमधला एकेक एमसीबी, म्हणजे प्रत्येक मार्गाचा सुरक्षा-खटका, क्रमाने बंद करत मीटरच्या दिव्याकडे पाहत राहा. ज्या एमसीबीनंतर लुकलुकणं एकदम मंदावलं, त्या मार्गावर काहीतरी बसलंय. आगीची सूचना देणारी यंत्रणा, आपत्कालीन दिवे, सर्व्हर, शीतकपाटं आणि सुरक्षा कॅमेरे यांचे मार्ग आधी खुणा करून वेगळे ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. पॅनेलचं झाकणही जाणकाराशिवाय उघडायचं नाही. एका संध्याकाळच्या या खेळातून जे कळतं ते महिनाभर कागद चाळून कळत नाही. बरेचदा नावाच्या पट्ट्या गळून पडलेले, कुठे जातात हे कुणालाच माहीत नसलेले दोन-तीन एमसीबी याच वेळी सापडतात. तिथल्या तिथे नवी नावं लिहून टाका.

तुमचं मीटर दर अर्ध्या तासाची नोंद ठेवणारं असेल, तर वीज कंपनीकडून ती नोंद मागवून आलेख काढा. चोवीस तासांची रेषा कशी चढते, कशी उतरते ते बघा. काम साडेनऊला सुरू होत असेल आणि रेषा सहालाच चढत असेल, तर कुणाचा तरी टायमर चुकलेला आहे. रविवारी रेषा सोमवारसारखीच दिसत असेल, तर सुट्टी कुणी यंत्रांना कळवलेलीच नाही.

बिलं आणि कामाचा ताळा

किमान मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा, २४ मिळाली तर उत्तम. नुसती युनिटं बघून काही कळत नाही, कारण काम वाढलं की वीज वाढणारच. म्हणून प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यातलं काम लिहा. कारखाना असेल तर तयार नग, गोदाम असेल तर हलवलेला माल, कार्यालय असेल तर महिन्याचं सरासरी बाहेरचं तापमान. आडव्या अक्षावर काम, उभ्या अक्षावर युनिटं, असे बारा ठिपके काढा आणि त्यांच्यामधून एक सरळ रेषा ओढा. स्प्रेडशीटमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे.

समजा ४,००० नगांच्या महिन्यात ९,००० युनिटं लागली आणि ८,००० नगांच्या महिन्यात १३,०००. म्हणजे दर नगामागे एक युनिट. मग रेषा मागे नेत शून्य नगांपाशी आणली तर काय दिसतं? ५,००० युनिटं. एकही नग तयार न करता महिन्याला ५,००० युनिटं जाणार. मंदीच्या महिन्यातल्या ९,००० पैकी निम्म्याहून अधिक वीज उत्पादनाशी संबंधच नसलेली आहे. असं चित्र असताना मुख्य यंत्राची कार्यक्षमता वाढवायला धावणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आधी त्या ५,००० चा माग काढायचा.

ठिपके रेषेजवळ न बसता विस्कटलेले असतील तर तीही माहितीच आहे : वापरावर कुणाचं नियंत्रण नाही. एखादाच ठिपका फार वर असेल, तर त्या महिन्यात काय घडलं ते जुन्या लोकांना विचारा. ही रेषा जपून ठेवा, शेवटी तिची गरज लागणार आहे.

तीन फेऱ्या आणि एक यादी

यादी करायला जागेत तीनदा फिरा : ऐन कामाच्या वेळी, जेवणाच्या सुट्टीत आणि सगळे गेल्यावर. जेवणाच्या सुट्टीतली फेरी मला सर्वांत आवडते. माणसं नसतात आणि यंत्रं चालू असतात, त्यामुळे काय विनाकारण चालू आहे ते उघड दिसतं. कन्व्हेयर रिकामे फिरतात, बैठकीच्या खोलीत एसी एकटाच गारवा करत असतो.

प्रत्येक वस्तूसमोर वॉट, दिवसाचे तास आणि महिन्याचे दिवस लिहा, गुणाकार करा, एक हजाराने भागा. युनिटं मिळाली. पण पाटीवर लिहिलेले वॉट हे जास्तीत जास्त असतात. संगणकाच्या पाटीवर ३०० लिहिलेलं असलं तरी साध्या कामात तो बहुधा त्याच्या बऱ्याच खाली असतो. शीतकपाट आणि एसी यांचा कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो. म्हणून प्लगमध्ये बसवायचं छोटं ऊर्जामापक एकदा घ्याच, आणि थेट जोडलेल्या यंत्रांसाठी इलेक्ट्रिशियनकडचा टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा प्रवाहमापक, वापरा. टाँग टेस्टर फक्त अँपिअर दाखवत असेल, तर मोटरच्या बाबतीत अँपिअर आणि व्होल्ट गुणून आलेला आकडा खऱ्या वॉटपेक्षा जास्त असतो, कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला लागणारा हिस्सा, मध्ये येतो. वॉट दाखवणारं मापक मिळालं तर बरं.

यादीची बेरीज बिलाच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत आली की पुरे. त्याहून मोठी तफावत असेल, तर काहीतरी नजरेतून सुटलंय. छतावरचा पंप, खोट्या छतामागचा एक्झॉस्ट पंखा, बाहेरच्या पाटीचे दिवे, हे नेहमीचे फरारी.

आधी बंद करा

इथे पैसे लागत नाहीत, पण माणसं लागतात. सर्वांत आधी साफसफाई करणाऱ्यांशी आणि रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाशी बोला. रात्री काय चालू राहतं हे व्यवस्थापकापेक्षा त्यांना नेमकं माहीत असतं. आजवर त्यांना कुणी विचारलेलं नसतं, इतकंच. आणि काय बंद करायला हरकत नाही हे ठाऊक नसल्यामुळे ते बटणाला हात लावत नाहीत. यावर रंगीत स्टिकरचा साधा उपाय उत्तम चालतो. हिरवा असेल तर कुणीही बंद करावं, पिवळा असेल तर विचारून, लाल असेल तर हात लावू नये. एका दुपारी सगळ्या बटणांवर हे स्टिकर लावून होतात.

मग जागा बंद करतानाची एक यादी दाराजवळ लावा. ती एका पानाच्या आत हवी, आणि शेवटी बाहेर पडणाऱ्या व्यक्तीची सही त्यावर हवी. ‘सर्वांनी वीज वाचवावी’ असा फलक लावून काही होत नाही. सर्वांची जबाबदारी म्हटली की कुणाचीच राहत नाही. विभागवार नावं लिहा. चुकलं तर रागवायचं नाही, कारण भीतीपोटी सही होते पण बटण बंद होत नाही.

पाण्याचा कूलर, गरम पेयांचं यंत्र, पाणी तापवणारा गिझर, जाहिरातीचे पडदे, स्वच्छतागृहातले एक्झॉस्ट पंखे : ज्यांचं वेळापत्रक ठरलेलं आहे त्या सगळ्यांना टायमर लावा. माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहू नका. एक खबरदारी मात्र पाळा. गरम पाण्याची साठवण टाकी असेल तर वीज वाचवण्यासाठी तिचं तापमान कायमचं कोमट ठेवू नका. कोमट साठ्यात लिजिओनेला हा फुप्फुसाला घातक जिवाणू वाढतो, म्हणून साठा ६० अंश सेल्सिअसवर ठेवण्याची शिफारस असते.

संगणकांबाबत थोडक्यात : स्क्रीनसेव्हर वीज वाचवत नाही, पडदा झोपला पाहिजे. दहा मिनिटांनी पडदा बंद आणि वीस-तीस मिनिटांनी संगणक निद्रावस्थेत, ही मांडणी सगळ्या यंत्रांवर एकाच वेळी करून टाका. पुढच्या खरेदीत डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घेतले तर त्याच कामाला बरीच कमी वीज लागते. सर्व्हरची खोली १८ अंशांवर गोठवून ठेवायची गरज नाही. अ‍ॅश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी सुचवलेला पल्ला १८ ते २७ अंश आहे. पण खोलीतलं नव्हे, यंत्राच्या तोंडाशी असलेलं तापमान मोजा, आणि मागून निघणारी गरम हवा फिरून तोंडाशी येत नाही ना ते आधी बघा.

गारवा आणि ऊब

बहुतेक कार्यालयांत सर्वांत मोठा खर्च इथे असतो, म्हणून इथे थोडं थांबू.

एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यामुळे दोन प्रश्न विचारायचे. उष्णता आत येते कुठून? आणि बाहेर टाकायला त्याला किती कष्ट पडतात?

पहिल्या प्रश्नाचं मोठं उत्तर काच. काचेवर थेट ऊन पडत असेल तर आतून पडदा लावून अर्धंच काम होतं, कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं आणि तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो. सावली काचेच्या बाहेर हवी : छज्जा, बाहेरची झडप, जाळी किंवा झाड. काच बदलण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं. दुसरं उत्तर फटी. वाऱ्याच्या दिवशी दाराखिडक्यांच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा, धूर जिथे वाकतो तिथे फट आहे. रबराची पट्टी लावा. आपोआप मिटणाऱ्या दाराची स्प्रिंग सैल झाली असेल तर ती आजच घट्ट करून घ्या. तिसरं उत्तर आतली यंत्रं आणि दिवे. वापरलेली प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होते आणि एसीला ती बाहेर काढावी लागते. साधारण एसी एका युनिटमध्ये तीन युनिटांएवढी उष्णता बाहेर काढतो असं धरलं, तर थंड केलेल्या जागेत दिव्यांवर वाचवलेल्या तीन युनिटांमागे एसीवरचं आणखी एक युनिट वाचतं.

आता कष्टांकडे. एसीचं बाहेरचं युनिट कुठे बसवलंय ते प्रत्यक्ष जाऊन बघा. अरुंद बोळात, चहूबाजूंनी जाळी ठोकून किंवा दोन युनिटं समोरासमोर तोंड करून बसवलेली असतील, तर ती स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढत असतात. अशा वेळी आतला एसी कितीही महागाचा असो, त्याचा दम निघतो. युनिट मोकळं करा, त्यावर सावली करा पण हवेची वाट अडवू नका. आतल्या जाळ्या दर पंधरवड्याला धुवा. बाहेरच्या कॉइलवरची धूळ वर्षातून किमान दोनदा साफ करून घ्या.

तापमान एक अंशाने वर ठेवलं तर गारव्याच्या विजेत साधारण ३ ते ६ टक्के घट होते. २० वर ठेवून स्वेटर घालून बसलेली माणसं ज्या कार्यालयात दिसतात, तिथे हे काम किती सोपं आहे ते सांगायला नको. २५-२६ अंश आणि सोबत छताचा पंखा ही जोडी अंगाला २३-२४ सारखी वाटते, कारण वाहती हवा घाम सुकवते. जुना छताचा पंखा ७०-७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. आणि एक गैरसमज : रिमोटवर १८ केलं म्हणून साधा एसी खोली लवकर थंड करत नाही. कॉम्प्रेसर तेवढ्याच जोरात चालतो, फक्त थांबायचा विसरतो.

भांडण टाळायचं असेल तर आधी जागांची मांडणी बघा. कुणाच्या डोक्यावर थेट झोत येतोय, कुणाच्या पाठीशी तापलेली भिंत आहे, तापमापक नेमका प्रिंटरच्या वर बसवलाय का? एकाच खोलीतली दोन माणसं गारठली आणि दोन घामेजली असतील, तर दोष आकड्याचा नसतो, हवा वाटून न पोहोचण्याचा असतो. हे न सोडवता तापमानाचा आदेश काढलात तर पंधरा दिवसांत रिमोट लपवण्याचे प्रकार सुरू होतील.

जिथे गरम करणारी आणि थंड करणारी अशा दोन्ही यंत्रणा आहेत, तिथे त्या एकमेकींशी झुंजत नाहीत ना हे पाहणं सर्वांत महत्त्वाचं. ऊब २० अंशांपर्यंत आणि गारवा २४ च्या पुढे, असं मध्ये तीन-चार अंशांचं मोकळं अंतर ठेवा. दोघांचं तापमान २२ वर लावलं की एकाच वेळी एक तापवतो आणि दुसरा थंड करतो. वायूवर चालणारा कंडेन्सिंग बॉयलर असेल, तर त्याच्याकडे परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तेव्हाच धुरातली वाफ थिजून तिची उष्णता हाती लागते. पाणी त्याहून गरम परत येत असेल, तर महागाच्या बॉयलरचा मुख्य फायदा धुराड्यातून जातो. उघडे व्हॉल्व्ह आणि नळजोड यांच्यावर उष्णतारोधक वेष्टन चढवा.

बचतीच्या उत्साहात ताजी हवा मात्र कोंडू नका. खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा संवेदक घ्या, आणि माणसं कमी असताना ताजी हवा कमी, जास्त असताना जास्त, असं करा. गुदमरलेल्या खोलीत वाचवलेली वीज कामातल्या चुकांतून महागात पडते.

दिवे

इथलं तंत्र आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून फक्त जिथे चूक होते तेवढंच सांगतो.

३६ वॉटची जुनी ट्यूब लोखंडी चोकसह ४५ वॉटच्या आसपास घेते, तिच्या जागी १८-२० वॉटची एलईडी पट्टी बसते. पण डबा विकत घेताना वॉट नव्हे, ल्युमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश, वाचा. दर वॉटमागे १०० च्या वर ल्युमेन हवेत. आणि जितके जुने दिवे तितकेच नवे, असं डोळे झाकून करू नका. आधी प्रकाश मोजा. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) लागतो, ये-जा करायच्या मार्गिकेत १०० पुरतो. बहुतेक ठिकाणी मार्गिका लखलखीत आणि टेबल अंधारलेलं असं उलटं आढळतं. छताचा सर्वसाधारण प्रकाश कमी करून टेबलावर स्वतंत्र दिवा दिला, की कमी विजेत जास्त चांगलं दिसतं. जुन्या फिटिंगमध्ये नवी पट्टी बसवताना चोक सर्किटमधून काढायचा की ठेवायचा हे त्या पट्टीच्या सूचनेत बघून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

बटणांची मांडणी ही दुसरी चूक. खिडकीला काटकोनात जाणाऱ्या ओळी एका बटणावर असतील तर उजेड असूनही खिडकीजवळचे दिवे बंद करता येत नाहीत. ओळी खिडकीला समांतर असायला हव्यात. हालचाल ओळखणारे संवेदक स्वच्छतागृह, सामानाची खोली, जिना आणि बैठकीची खोली इथे लावा. जिथे माणसं तासन् तास स्तब्ध बसून काम करतात तिथे लावू नका, दिवे मालवतील आणि लोक चिडून संवेदकावर चिकटपट्टी लावतील. बैठकीच्या खोलीत दिवा हाताने लागावा आणि आपोआप मालवावा, हा प्रकार सर्वांत चांगला.

मोटर, पंखे, पंप

मोटरचं आयुष्यभराचं विजेचं बिल तिच्या किमतीच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे स्वस्त मोटर ही महागातली खरेदी. आकड्यांत बघा. आयई हे मोटरच्या कार्यक्षमतेचे वर्ग आहेत, आकडा मोठा तितकी मोटर काटकसरी. ७.५ किलोवॉटच्या चार पोलच्या मोटरची कार्यक्षमता आयई १ वर्गात ८६ टक्के आणि आयई ३ वर्गात ९०.४ टक्के असते. पूर्ण भारावर वर्षाला ६,००० तास चालली तर आयई ३ मोटर साधारण २,५०० युनिटं कमी खाते. मोटर जळाली की घाईत रिवाइंड करून, म्हणजे आत नवी तार गुंडाळून, पुन्हा बसवली जाते, आणि काम नीट झालं नसेल तर तिची कार्यक्षमता आणखी एक-दोन टक्क्यांनी घसरते. म्हणून जास्त तास चालणाऱ्या मोटरसाठी आधीच लिहून ठेवा : ही जळाली तर रिवाइंड नाही, नवीच. निर्णय शांतपणे झालेला असला की घाईच्या दिवशी चूक होत नाही.

पंखा किंवा पंप गरजेपेक्षा मोठा असेल, तर लोक व्हॉल्व्ह अर्धवट मिटून काम भागवतात. हे गाडीचा वेग ब्रेक दाबून कमी करण्यासारखं आहे. वेग बदलणारी ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, बसवली तर वेग ८० टक्के केल्यावर लागणारी शक्ती सुमारे ५१ टक्क्यांवर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते. मात्र पाणी उंच टाकीत चढवणाऱ्या पंपाला एवढा फायदा मिळत नाही. तिथे उंचीवर मात करण्याचं काम वेग कमी केला म्हणून टळत नाही. सतत पूर्ण वेगाने चालणाऱ्या यंत्रावर तर ड्राइव्ह लावून उलट थोडं नुकसानच होतं.

दाबाची हवा

तुमच्याकडे एअर कॉम्प्रेसर नसेल तर हा भाग सोडून द्या. असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून इथून सुरुवात केलीत तरी चालेल. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णता होऊन जातो आणि हत्यारापर्यंत उपयुक्त काम म्हणून दहा-पंधरा टक्केच पोहोचतं. एवढ्या महागाची ही हवा, आणि ती गळत असते. ७ बार दाबावर ३ मिलिमीटरचं एक भोक कॉम्प्रेसरवर साधारण ३ ते ४ किलोवॉटचा बोजा टाकतं. चोवीस तास दाब चढवून ठेवला तर वर्षाला २६,००० च्या वर युनिटं, एका भोकापायी.

गळती मोजायची पद्धत सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी सगळी हत्यारं बंद ठेवून भार घेणारा-सोडणारा कॉम्प्रेसर चालू करा. भार घेणं म्हणजे प्रत्यक्ष हवा दाबणं, सोडणं म्हणजे नुसतं फिरणं. तो किती वेळ भार घेतो आणि किती वेळ भाराविना राहतो ते अर्धा तास घड्याळ लावून लिहा. भाराची मिनिटं भागिले एकूण मिनिटं, गुणिले शंभर. भार २ मिनिटं आणि विश्रांती ६ मिनिटं असेल तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा नुसती गळते आहे. कुणीही हवा वापरत नसताना.

मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन निघा. सांधे, जलद जोडणीचे कपलर, जुने पाइप, रेग्युलेटर, पाणी सोडणारे ड्रेन. सापडलेल्या प्रत्येक जागी चिठ्ठी बांधा, दुरुस्त झाल्याशिवाय चिठ्ठी काढायची नाही. दर तीन महिन्यांनी हेच पुन्हा, कारण गळती परत येते. त्यानंतर दाब. कधीतरी कुणाच्यातरी तक्रारीवरून वाढवलेला दाब कुणीच खाली आणत नाही. पाव-पाव बारने कमी करत जा, कुठलं हत्यार कुरकुरतं बघा. एक बार कमी झाला तर साधारण ६ ते ७ टक्के वीज वाचते आणि उरलेली गळतीही मंदावते. कॉम्प्रेसर आत घेतो ती हवा बाहेरची, थंड आणि सावलीतली असू द्या. हवेच्या नळीने टेबल आणि कपडे झटकणं मात्र पूर्ण बंद करा. ते डोळ्यांना आणि त्वचेला धोक्याचं आहे, शिवाय त्या कामाला ब्रश पुरतो.

भार नसताना जुन्या पद्धतीचा स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या पंचवीस ते चाळीस टक्के वीज खात राहतो. म्हणजे रात्री त्याला ‘नुसतं चालू’ सोडणंही फुकट नाही. मुख्य बटणच बंद करा.

आता खरेदीचा विचार

इथवर आलात तर भार घटलेला असेल, आणि आता जे घ्याल ते आधीपेक्षा लहान आकाराचं पुरेल. सौर पॅनेलही आता मोजून घ्या, आधी नव्हे.

परतावा काढायचा साधा हिशोब म्हणजे एकूण खर्च भागिले वर्षाला वाचणारी रक्कम. उत्तर वर्षांत येतं. त्यात बसवण्याचा खर्च, काम बंद राहण्याचं नुकसान आणि देखभाल धरा. वाचणारी युनिटं विक्रेत्याच्या पत्रकातली नको, तुमच्या यादीतले खरे तास वापरून काढा. दिवसातून अर्धा तास लागणाऱ्या खोलीतला दिवा बदलून काहीच हाती येत नाही, रात्रभर जळणारा फाटकावरचा दिवा बदलून लगेच येतं. फक्त परताव्याच्या वर्षांवर निर्णय घेतला तर एक धोका असतो. पंधरा वर्षं टिकणारी आणि चार वर्षांत वसूल होणारी गोष्ट मागे पडते, आणि दोन वर्षांत वसूल होऊन तिसऱ्या वर्षी बिघडणारी पुढे येते. टिकण्याचा काळ शेजारी लिहून मगच तुलना करा.

प्लगमध्ये खोचून ‘बिल अर्ध्यावर’ आणण्याचं वचन देणारे डबे घेऊ नका. त्यांच्यात असलाच तर छोटा कपॅसिटर असतो. योग्य क्षमतेची कपॅसिटर बँक मोठ्या जोडणीत पॉवर फॅक्टर सुधारते आणि त्याचा दंड किंवा केव्हीएचा (अँपिअर आणि व्होल्ट गुणून येणाऱ्या भाराचा) आकार कमी करते, ते खरं आहे. पण मोटर आणि दिवे जी युनिटं खातात ती त्याने कमी होत नाहीत. कुणी सरसकट टक्केवारी सांगितली, तर तुमच्या मीटरवर आधी आणि नंतर मोजून द्यायची तयारी आहे का ते विचारा.

मोजत राहा

प्रत्येक बदलाची तारीख लिहा आणि एका वेळी एकच मोठा बदल करा, नाहीतर कशाने किती वाचलं ते कळणार नाही. तीन महिन्यांनी नवे ठिपके त्याच जुन्या रेषेच्या आलेखावर टाका. काम तेवढंच असून ठिपका रेषेच्या खाली उतरला तर बचत खरी. काम कमी झाल्यामुळे घटलेल्या बिलाचं श्रेय नव्या दिव्यांना देण्याची चूक याने टळते.

जागा मोठी असेल, अनेक विभाग असतील, तर आयएसओ ५०००१ या ऊर्जा व्यवस्थापनाच्या मानकाचा सांगाडा कामी येतो. ते २०११ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. प्रमाणपत्र घ्या किंवा घेऊ नका, पण त्यातली एक गोष्ट लहान जागेतही उचलण्यासारखी आहे : ऊर्जेच्या जबाबदारीचा माणूस नावानिशी ठरवायचा आणि खरेदीच्या वेळी त्याचं मत घ्यायचं.

टायमरची घड्याळं तीन महिन्यांतून एकदा तपासा. वीज गेली की काही टायमर मागे पडतात, आणि मग पाटीचे दिवे दुपारी लागून मध्यरात्री विझतात. ऋतू बदलला, कामाची वेळ बदलली, नवं यंत्र आलं, तर बंद करतानाची यादी नव्याने छापा. आणि महिन्यातून एका संध्याकाळी, आगाऊ न सांगता, पुन्हा मीटरचे ते दोन फोटो काढून रात्रीचा आकडा यादीशेजारी सर्वांना दिसेल असा लिहा.